ट्रेनिंगमध्ये प्रार्थना आटलीय – ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा

मोहरीचादाणा (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी. रविवारी दुपारी थोडा वेळ फोन हातात मिळतो. आईबाबांशी बोलून उरलेल्या मिनिटांत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

सैन्याच्या बेसिक ट्रेनिंगला आहे. इथे येण्याआधी मंडळीत (चर्चमध्ये) तरुण संघ बघायचो, गाणी घ्यायचो, उपवास-प्रार्थनेला पहिला हजर. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून निरोप दिला तेव्हा वाटलं होतं, बाकीच्यांचं काहीही होवो, आपल्याकडे भांडवल आहे. ते भांडवल कुठे गेलं कळत नाही. रात्री दिवे मालवल्यावर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू करतो, भाकरीपर्यंत पोचायच्या आत झोप लागलेली असते. पहाटे करू म्हटलं तर शिट्टी आधी वाजते. छोटा नवा करार आणलाय, तो लॉकरमध्ये साबणाच्या डबीच्या डावीकडे, कडेला कड लावून ठेवावा लागतो. रेषा चुकली तर अख्ख्या सेक्शनला रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत. म्हणून तो उघडायलाही जीव धजत नाही, परत तस्साच लागेल की नाही या भीतीने.

रविवारच्या उपासनेतही पेंगतो. पोरं 'पाद्री' म्हणून हाका मारतात, ते ठीक आहे. पण पाठीवर पिट्टू, टाचा सोललेल्या, समोर इन्स्ट्रक्टर नाकाला नाक लावून ओरडतोय, अशा वेळी आत बघतो तर सामसूम. माझा देव फक्त घरच्या वातावरणात होता का? वचनं सुचवा, अनुभव सांगा. टिंगल करायची असेल तर तीही पुढच्या रविवारीच वाचेन.

पहाटतारा

बाळा, खचू नकोस. स्तोत्र ९१ पाठ कर आणि रोज म्हण, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. फिलिप्पैकरांस ४:१३ कागदावर लिहून खिशात ठेव. आमच्या प्रार्थना-गटात तुझं नाव घातलंय.

जुनाबूट

पहाटताराताई, तुमची कळकळ पोचली. तरी ही दोन वचनं आपण सगळे जशी वापरतो त्याबद्दल थोडं बोलतो. मी पायदळात आयुष्य काढलंय, नंतर रिक्रूटही घडवलेत.

स्तोत्र ९१ कितीतरी सैनिकांच्या खिशात असतं, माझ्याही होतं. पण शुभवर्तमानात हे स्तोत्र म्हणून दाखवतो कोण? सैतान. मत्तय ४, मंदिराचं शिखर: टाक उडी, देवदूत झेलतील, तसा शास्त्रलेख आहे ना! येशू उडी टाकत नाही. स्तोत्र खरंच आहे, पण त्याचा ताईत केला की पहिल्याच मुरगळलेल्या पायाबरोबर पोराची श्रद्धाही मुरगळते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फिलिप्पै ४:१३ चंही तसंच. 'मी सर्व काही करू शकतो' एवढं व्यायामशाळेच्या भिंतीवर लागतं. वरची दोन वचनं कोणी वाचत नाही. तिथे पौल म्हणतो की भरपूर असताना कसं राहायचं आणि उपाशी असताना कसं राहायचं, हे दोन्ही मी शिकलोय. लिहितो कुठून, तर कैदेतून. त्या 'सर्व काही'त धावण्याचं टायमिंग येत नाही रे. वाट्याला आलेलं सोसूनही माणूस म्हणून शाबूत राहणं, एवढंच त्यात येतं. आणि ते थोडं नाही.

आता धागाकर्त्याला. श्रद्धेमुळे तू जोरात पळणार नाहीस. त्यासाठी पाय, पाणी आणि झोप लागते. श्रद्धेचं काम दुसरं आहे: तुझी किंमत कोण ठरवणार, हे ती आधीच ठरवून ठेवते. ट्रेनिंगची रचनाच अशी असते की पहिल्या आठवड्यांत केस, कपडे, वेळ, एकांत, सगळं काढून घ्यायचं आणि मग एकेक गोष्ट कमवायला लावायची. यात दुष्टपणा शोधू नकोस. गोंधळात हुकूम ऐकून हलणारा माणूस असाच तयार होतो. अर्थात सगळेच इन्स्ट्रक्टर संत नसतात, ते वेगळं. तो 'निकम्मा' म्हणतो ते तुझ्या बुटांबद्दल, तुझ्या लाईनबद्दल. ऐक, दुरुस्त कर. मात्र तोच शब्द स्वतःबद्दलचा निकाल म्हणून उशाशी घेऊन झोपू नकोस. यार्देनेच्या पाण्यातून येशू वर आला तेव्हा 'हा माझा प्रिय पुत्र' अशी वाणी झाली. तोवर त्याने एक चमत्कार केला नव्हता, एक प्रवचन दिलं नव्हतं. शाबासकी आधी, परीक्षा नंतर. तुमच्या बॅरकमध्ये सगळं याच्या उलट चालतं, म्हणून हे घोकून ठेवावं लागतं.

तिरकस

मी नास्तिक. सैन्यात होतो. दादा, तुझी प्रार्थना आटलेली नाही, तू झोपेला कंगाल झालायस. इतक्या कमी झोपेत मला आईचा चेहरा आठवायचा नाही, देवाचं काय घेऊन बसलास. बाकी जुनाबूट यांचा 'किंमत कोण ठरवतो' हा मुद्दा देव वगळूनही मला पटतो, हे नाखुशीने कबूल.

पट्टीवाली

तिरकस यांना चक्क सहमत :) मी लष्करी रुग्णालयात नर्स आहे, ख्रिस्ती आहे.

१ राजे १९ वाच. एलीया रतामाच्या झुडपाखाली पडलाय, 'पुरे झालं, माझा प्राण घे' म्हणतोय. देवदूत येतो आणि काय करतो? उपदेश नाही, झाडाझडती नाही. हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई पुढे करतो. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून परत खायलाच सांगतो. देवाशी बोलणं व्हायचं ते पुढे, होरेब डोंगरावर. उपासनेत पेंगतोस ना, पेंग. तुला कोणी तिथून हाकलत नाहीये.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. भाविक पोरं दुखणं लपवतात. 'प्रभू बळ देईल' म्हणत लंगडत पळतात आणि आमच्याकडे येतात तेव्हा हाड गेलेलं असतं. नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतंय, धावताना वाढतंय आणि पुढेपुढे बसल्या जागीही ठसठसतंय, तर तो स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, असू शकतो. त्याच दिवशी दाखव. रगड्यानंतर लघवी कोलासारखी गडद झाली, स्नायू सुजून आखडले, तर तासाभराचाही उशीर नको: स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. उन्हात कोणी असंबद्ध बडबडायला लागला तर आधी त्याला गार पाण्याने भिजवा आणि हाका मारा, प्रार्थना चालू राहू दे पण हात थांबवू नका.

आणि ट्रेनिंगमध्ये उपवास धरू नकोस. कॅथलिक असशील तर फादरांकडून सूट मिळते, विचारून घे. प्रोटेस्टंट असशील तर स्वतःच्या अकलेकडून घे.

शांतिपंथी

मला थोडं आडवं लावायचंय, राग मानू नये. इथे सगळे 'ट्रेनिंग कसं निभवायचं' यावर बोलताय. ट्रेनिंग कशाचं, यावर कोणीच नाही. पुतळ्यात संगीन खुपसताना ओरडायला लावतात, ते का? डोंगरावरच्या प्रवचनात शत्रूवर प्रीती करायला सांगितलंय. त्या पोराला आत सामसूम वाटतेय, ती त्याच्या सदसद्विवेकाची तक्रार नसेल कशावरून?

सन २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत तेवेस्ते इथे मॅक्सिमिलियन नावाचा एकवीस वर्षांचा तरुण रोमी सैन्याच्या भरतीला उभा केला गेला. उंची मोजली, गळ्यात शिशाचा शिक्का घालायला घेतला. तो म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, मी लढू शकत नाही. त्याचं डोकं उडवलं. मंडळी त्याला संत म्हणते.

जुनाबूट

प्रश्न रास्त आहे, राग कसला. मॅक्सिमिलियनची गोष्ट मात्र पूर्ण सांगा. अधिकारी त्याला म्हणतो, खुद्द सम्राटांच्या पहाऱ्यावर ख्रिस्ती शिपाई आहेत, ते चाकरी करतातच की. तो उत्तर देतो, त्यांना काय योग्य ते त्यांचं त्यांना माहीत, मी हे करू शकत नाही. म्हणजे नकार देणारा आणि नोकरी करणारा, दोघेही ख्रिस्ती, त्याच साली. आणि त्याने दुसऱ्यांना नावं ठेवली नाहीत.

लूक ३:१४ मध्ये शिपाई बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो 'नोकरी सोडा' म्हणत नाही. धाकदपटशाने पैसे उकळू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, म्हणतो. कफर्णहूमच्या शताधिपतीचा विश्वास पाहून येशूला आश्चर्य वाटलं. कर्नेल्य तर सेनाधिकारीच. यातून सगळ्या युद्धांना परवानगी मिळते असं मी म्हणत नाही. पण शिपायाला देवाचं दार बंद नाही, एवढं मिळतं.

तिसरी वाटही आहे. डेझमंड डॉस हा अमेरिकन, सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट, १९४२ मध्ये भरती झाला. शस्त्र धरणार नाही, शब्बाथाला म्हणजे शनिवारी कवायत करणार नाही, पण जखमींची सेवा करीन, म्हणाला. ट्रेनिंगमध्ये बरोबरच्यांनी छळलं, वरिष्ठांनी त्याला काढायचे प्रयत्न केले. १९४५ च्या मे महिन्यात ओकिनावात, कड्यावर अडकलेल्या सुमारे ७५ जखमींना त्याने दोराने एकेक करून खाली सोडलं. त्यात त्याला छळणारेही होते म्हणतात. तो स्वतःला 'सदसद्विवेकी विरोधक' म्हणवून घेत नसे, 'सदसद्विवेकी सहकारी' म्हणवत असे.

मोहरीचादाणा, शांतिपंथींचा प्रश्न टाळू नकोस. फक्त तो सहा तासांची झोप मिळालेल्या दिवशी हाताळ.

संपादक

चर्चा छान चाललीय. युद्ध न्याय्य की अन्याय्य यावर कृपया वेगळा धागा काढा, इथे धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे वळू या.

कदमताल

ट्रेनिंग करून आता नोकरीत असलेली एक बाई बोलतेय. मला कामी आलेलं सांगते.

घरी प्रार्थना म्हणजे बसून, डोळे मिटून, निदान पंधरा मिनिटं. तिथे ती चौकट मोडली आणि तुझ्यासारखंच मलाही वाटलं, संपलं सगळं. मग नहेम्या २:४ सापडलं. राजा विचारतो, तुला काय हवंय? नहेम्या म्हणतो, मी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. राजा समोर ताटकळत असताना केवढी प्रार्थना करणार तो? एका श्वासाएवढी. इन्स्ट्रक्टरचा प्रश्न आणि माझं 'येस सर' यांच्यामध्ये तेवढी जागा असते. मी फक्त 'प्रभू, जीभ सांभाळ' म्हणायचे. बहुतेक वेळा सांभाळली गेली.

कवायतीत आणि रूट मार्चला, म्हणजे लांब पल्ल्याच्या चालीला, पूर्वेकडच्या मंडळ्यांची जुनी प्रार्थना वापरली: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. कदमतालात मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात. 'प्रभू येशू' डाव्यावर, 'ख्रिस्ता' उजव्यावर, असं बसवत गेलं की चौथ्या-पाचव्या फेरीला ओठ हलायचे थांबतात आणि पायच म्हणायला लागतात. रूट मार्चला ताल जुळेना तेव्हा तो सोडून नुसत्या श्वासावर घेतली. भक्तिभाव वगैरे काही जाणवायचा नाही, हेही सांगते. टाचा दुखायच्याच. पण 'अजून किती राहिलं' हे डोक्यातलं कीर्तन बंद पडायचं, आणि माणूस मोडतो तो त्या कीर्तनानेच.

रात्रीसाठी लोयोलाच्या इग्नेशियसची पद्धत. तो स्वतः शिपाईगडी, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय फुटला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माणूस बदलला. दिवस उलटा बघायचा: आज काय चांगलं मिळालं, कुठे कोणाशी वाईट वागलो, उद्या कशासाठी मदत हवी. त्याच्या माणसांसाठी ते लांबलचक असतं, आपल्यासाठी बुटांच्या नाड्या सोडताना होईल तेवढं. डाव्या बुटाला आभार, उजव्याला कबुली. पाय मोकळे झाले की आमेन.

त्याचाच एक नियम मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. मन कोरडं, काळोखं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. सोडून जायचं असेल तर खुशाल जा, पण रगड्याच्या रात्री ठरवू नकोस. चांगल्या दिवशीही तेच वाटलं तर मग बघ.

अर्ध्यावाटेवर

मी ट्रेनिंग पूर्ण करू शकलो नाही. दुखापत झाली, आधी रेलिगेट होऊन मागच्या बॅचमध्ये गेलो, मग मेडिकलवर घरी. माझ्यासाठीही गटागटांत प्रार्थना चालल्या होत्या. परत आल्यावर मंडळीत लोक 'देवाची काहीतरी योजना असेल' म्हणायचे तेव्हा उठून जावंसं वाटायचं. अजूनही वाटतं.

तेव्हा मला विजयाची वचनं नको होती. एका चॅप्लेनने, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूने, स्तोत्र ८८ काढून दिलं. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी वळण घेतात, 'तरी मी तुझे स्तवन करीन' वगैरे. हे घेत नाही. अंधारातच संपतं. आणि तरी ते बायबलमध्ये आहे, कोणी कापून टाकलं नाही. म्हणजे ही भाषाही देवापुढे चालते. धागाकर्त्याने 'सामसूम' म्हटलं म्हणून सांगतो, तू स्तोत्राच्या बाहेर पडलेला नाहीस.

तुझ्या तिथल्या चॅप्लेनकडे जा. तो तुझ्याच पंथाचा असावा असं काही नाही. अनेक सैन्यांत त्याला सांगितलेलं वरिष्ठांकडे जात नाही, पण नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, म्हणून बसल्या बसल्या आधी तेच विचार: हे इथेच राहील ना? कॅथलिक पापनिवेदन मात्र कुठेही फुटत नाही. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटायला लागलं तर रविवारची, फोनची वाट बघायची नाही. ड्यूटीवर जो असेल त्याला उठवायचं.

पहाटतारा

जुनाबूटदादा, आधी तुमचा राग आला होता. मग फिलिप्पै ४ सगळा वाचून काढला. स्तोत्र ९१ मी तरी म्हणणारच, पण आता १२१ ही जोडीला घेईन. अर्ध्यावाटेवर, तुझं नावही लिहून घेतलंय. योजना-बिजना काही म्हणणार नाही.

अर्ध्यावाटेवर

चालेल काकू. लिहा.

जुनाबूट

एक राहिलं. 'पाद्री' हाकेबद्दल. ती टिंगल म्हणून सुरू होते, पण रात्री अडीचच्या पहाऱ्याला कोणाच्या तरी घरून वाईट बातमी आलेली असते, आणि तो शोधत येतो तो पाद्रीलाच. कोरियन युद्धात एमिल कापॉन नावाचे कॅथलिक चॅप्लेन पकडले गेले. युद्धकैद्यांच्या छावणीत ते आजाऱ्यांचे घाण कपडे धुवायचे, पहारेकऱ्यांची नजर चुकवून अन्न पळवून आणायचे. निघताना ख्रिस्ताबरोबर क्रुसावर गेलेल्या चोराची, संत दिस्मासची प्रार्थना करून! १९५१ मध्ये छावणीतच गेले. त्या हलाखीत त्यांना आतून काय जाणवत होतं कोणाला ठाऊक. धुतलेले कपडे लोकांच्या लक्षात राहिले.

तुला आत कोणी सापडत नसेल तर आठवडाभर आत बघूच नकोस. शेजारच्या खाटेकडे बघ. कोणाचा पिट्टू नीट बांधलेला नाही, कोण जेवणाच्या रांगेत गप्प आहे.

मोहरीचादाणा (धागाकर्ता)

मंडळी, सगळं वाचलं. सगळ्यांना एकेक उत्तर द्यायला वेळ नाही, माफी.

पट्टीवालीताई, तुमचं वाचायच्या आधीच बुधवारी नडगी दाखवली होती, कारण सेक्शनमधल्या एकाने ओढतच नेलं. फ्रॅक्चर नाही, पण हलकी ड्यूटी दिलीय. कदमताल मॅडम, हलक्या ड्यूटीत कदमतालच नाही, त्यामुळे तुमची प्रार्थना झाडू मारताना घेऊन बघणार. शांतिपंथी दादा, संगिनीचा प्रश्न डोक्यात बसलाय. त्यावर मला घाईने काही म्हणायचं नाही. अर्ध्यावाटेवर, ८८ दोनदा वाचलं. थँक्यू.

आता नवीन अडचण. ज्याने मला ओढत नेलं तो ख्रिस्ती नाही. त्याची उद्या फायरिंगची परीक्षा आहे, मागच्या वेळी नापास झालाय, आणखी एकदा झाला तर रेलिगेट होईल. आज म्हणाला, पाद्री, माझ्यासाठी काहीतरी म्हण ना तुझ्या देवाला. आत्ता काय म्हणू त्याच्यासमोर? त्याला अवघडल्यासारखं नको व्हायला, आणि मी धर्म पसरवतोय असंही कोणाला वाटायला नको.

तिरकस

तो म्हणाला ना, मग म्हण. आम्हा लोकांना चालतं.

कदमताल

आधी त्यालाच विचार, नक्की काय मागू? तो म्हणेल हात थरथरू नये, नाहीतर म्हणेल घरी सांगावं लागू नये. जे म्हणेल तेच माग, त्याचं नाव घेऊन, साध्या मराठीत किंवा त्याला कळेल त्या भाषेत. आणि आटोपतं घे, त्यालाही झोपायचंय.